पंधरा दिवस टिकणारी फुलं, आणि पाणी बदलणारे हात

डोंबिवलीचे एक वाचक लिहितात: येत्या १५ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला २५ वर्षं पूर्ण होतील. गेल्या वर्षी याच दिवशी ३० लाल गुलाबांचा बुके ऑनलाइन मागवला, १८०० रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्म्या गुलाबांनी माना टाकल्या. पत्नी शिक्षिका आहे. शाळेतून आल्यावर ती रोज पाणी बदलत होती, तरी चौथ्या दिवशी सगळी फुलं ओल्या कचऱ्यात गेली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी नका आणू काही." यंदा मुलगी बंगळुरूहून २२ तारखेला येणार आहे आणि घरगुती कार्यक्रम त्या दिवशी ठेवलाय. ऑफिसातला मित्र म्हणतो, काचेच्या घुमटातला प्रक्रिया केलेला गुलाब घे, तीन वर्षं बघायला नको. बहीण म्हणते, कापडी फुलं घे, हल्ली हुबेहूब मिळतात. बजेट २००० रुपये आहे. पैसे पाण्यात जाणार नाहीत असं फूल कोणतं?

*

लग्नाच्या पंचविशीच्या तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा.

फुलांकडे येतेच, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुढे जाऊ देईना. "शाळेतून आल्यावर ती रोज पाणी बदलत होती." तुम्ही ते ओघात लिहून गेलात, बहुधा फुलं का टिकली नाहीत याचं नवल म्हणून. मला मात्र त्यात वेगळंच दिसतं. बुके तुम्ही दिलात आणि त्याची उस्तवार त्यांनी केली. फुलदाणी शोधायची, दांड्या कापायच्या, गढूळ पाणी ओतून भांडं घासायचं, गळलेल्या पाकळ्या टेबलावरून गोळा करायच्या आणि शेवटी तो सगळा पसारा ओल्या कचऱ्यात नेऊन टाकायचा. दिवसभर वर्गात उभं राहून आलेल्या बाईला ही भेट म्हणजे घरात आलेलं एक जादा काम वाटलं असेल, तर त्यात काही वावगं नाही.

असंच वाटलं असेल, असा माझा दावा नाही. मी त्यांना ओळखत नाही. पण "नका आणू काही" याचा अर्थ तुम्ही लगेच "पैसे वाया गेले" असा लावलात, तोही एक तर्कच आहे. त्यांना लाल गुलाब मुळात आवडत नसतील. आवडत असतील, पण माना टाकलेली फुलं रोज बघणं नको वाटलं असेल. सुकलेली फुलं कचऱ्यात टाकताना अनेकांचा जीव तुटतो, कारण आपल्याकडे निर्माल्य असं कुठेही टाकायची सवय नसते. किंवा खरंच १८०० रुपयांचं वाईट वाटलं असेल. तुमच्या पत्रात मित्राचं मत आहे, बहिणीचं मत आहे. ज्यांच्यासाठी फुलं आणायची त्यांचं मत तेवढं नाही.

तेव्हा पहिला सल्ला फुकटातला: आजच विचारा. "तुला कोणती फुलं आवडतात" असं मोघम नको, त्याला "काहीही चालेल" हेच उत्तर येतं. "गेल्या वर्षी ते गुलाब टाकताना तू नको म्हणालीस, ते का गं?" असं नेमकं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. सरप्राइझ जाईल, अशी भीती असेल तर जाऊ दे. पंचविसाव्या वर्षी सरप्राइझपेक्षा अचूक भेट बरी. आणि त्या खरंच म्हणाल्या, की फुलं नकोत, एक दिवस मला स्वयंपाकातून सुट्टी द्या, तर हे सदर इथेच बाजूला ठेवा.

आता पैशांचं. दोन हजारांची फुलं चार दिवसांत गेली तर पैसे पाण्यात, असं तुम्ही म्हणता. त्याच दोन हजारांत दोघं हॉटेलात जेवून आलात, तर जेवण तासाभरात संपतं. ते किती दिवस टिकलं, असं कोणी विचारत नाही. फुलांनाच आपण ही वॉरंटी का मागतो, कोण जाणे. तरीही २२ तारखेपर्यंत घरात ताजी फुलं असावीत ही तुमची इच्छा रास्त आहे आणि ती दोन हजारांत सहज जमते. त्यासाठी गेल्या वर्षी काय बिघडलं ते आधी पाहू.

तुमची तारीख जरा अडचणीची आहे. १४ फेब्रुवारीचा दुसरा दिवस. आपल्याकडे डच गुलाबांचा मोठा मुलूख म्हणजे मावळ: तळेगाव दाभाडे, पवनानगर, तो सगळा पट्टा. तिथले उत्पादक डिसेंबरातच छाटणी आणि फांद्या वाकवण्याचं गणित असं बसवतात, की फुलांचा बहर बरोबर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात यावा. परदेशी जाणारा माल आधी निघतो, मग देशातल्या बाजारांचा नंबर. फूल कळी असतानाच कापतात, लगेच पाण्यात ठेवतात आणि दोन ते चार अंश तापमानाच्या शीतगृहात नेतात. तिथे ते जणू झोपलेलं असतं. पण १४ तारखेसाठी माल साठवून ठेवावा लागतो, म्हणून तुमच्या हाती १५ ला आलेला गुलाब बराच आधी कापलेला असण्याची शक्यता दाट. त्यात आदल्या दिवशी न खपलेला माल बुकेत खपवला जातो हेही काही गुपित नाही. थोडक्यात, तुमच्या घरी आले तेव्हाच त्या गुलाबांचं अर्धं आयुष्य सरलेलं होतं.

मान टाकण्याचं कारण मात्र वेगळं आहे. गुलाब म्हातारा झाला की पाकळ्या गाळतो. मान टाकतो तो तहानेने. दांडीत पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दांडी कापून थोडा वेळ कोरडी राहिली की त्यांत हवा शिरते, आणि घाण पाण्यात वाढलेले जिवाणू त्यांच्या तोंडाशी बूच बसवतात. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी वर फूल तहानलेलंच राहतं, आणि कळीखालचा तो कोवळा भाग आधी वाकतो. तुमच्या पत्नी रोज पाणी बदलत होत्या, पण बूच दांडीच्या टोकाशी होतं. दांडी पुन्हा कापल्याशिवाय ते निघत नाही. तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही, हेही त्यांना जरूर सांगा.

शिवाय तो बुके होता. बुकेत दांड्या आखूड करतात, कधी तारेने टोचून उभ्या करतात आणि ओअ‍ॅसिसच्या हिरव्या स्पंजमध्ये खोचतात. तो स्पंज एकदा कोरडा पडला की वरून कितीही पाणी घाला, पहिल्यासारखं धरत नाही. वर सेलोफेनचा कागद, आत कोंडलेली वाफ, आणि हे सगळं डिलिव्हरीच्या मुलाच्या पाठीवर, डोंबिवलीच्या उन्हात. (हा स्पंज प्लास्टिकच्याच जातीचा असतो. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात तो घालू नका.)

तर मग घ्यायचं काय?

टिकणारी फुलं दोन स्वभावांची असतात. काही आली तशीच राहतात. पहिल्या दिवशी जशी दिसतात तशीच दहाव्या दिवशी. काही रोज थोडी थोडी उमलत जातात: एक फूल मावळतं, तोवर शेजारची कळी उघडते. मागताना लोक पहिली जात मागतात, घरात ठेवल्यावर जीव लागतो तो दुसरीला. तुम्ही दोन्ही मिसळून घ्या.

आहे तसं राहण्यात अँथुरियमचा हात कोणी धरणार नाही. त्याचा तो लाल, चकचकीत, पानाच्या आकाराचा भाग म्हणजे खरोखरच पान आहे, पाकळी नाहीच. खरी फुलं मधल्या दांड्यावर बारीक पुरळासारखी असतात. म्हणूनच ते दोन आठवडे सहज राहतं, कधी तीनही. घेताना त्या मधल्या दांड्यावरून बोट फिरवा. खालचा अर्धाअधिक भाग खरखरीत लागला तर फूल तयार आहे. पूर्ण गुळगुळीत असेल तर कोवळं आहे, ते लवकर मलूल होतं. आपल्या दमट हवेत ते खूश असतं, फ्रिजमध्ये मात्र काळं पडतं. काहींना ते प्लास्टिकसारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही एकटं अँथुरियम हॉटेलच्या रिसेप्शनवर शोभेलसं वाटतं. पण इतर फुलांच्या मध्ये तीन-चार लाल अँथुरियम फार देखणी दिसतात.

जांभळं किंवा पांढरं डेंड्रोबियम ऑर्किड हाही भरवशाचा माल, नीट ठेवलं तर दहा दिवस किंवा जास्तच. बाजारात यायचं त्यातलं बरंचसं थायलंडहून येतं. दांडीच्या टोकाला पाण्याची छोटी नळी लावलेली असते, ती घरी आल्या आल्या काढा आणि टोक कापून मगच फुलदाणीत ठेवा. भडक निळं ऑर्किड दिसलं तर ते रंगवलेलं आहे हे ओळखून घ्या. पाण्यातही निळाई उतरते.

कार्नेशनला आपल्याकडे मान नाही. लोक त्याला बुकेतली भरती समजतात. पण दहा-बारा दिवस तग धरतं आणि किंमतही बेताची असते. अर्धवट उमललेलं घ्या. दांडीवर गाठी असतात, त्या गाठीवर न कापता दोन गाठींच्या मधोमध कापलं तर पाणी चांगलं ओढतं. याचं एक वैर मात्र लक्षात ठेवा: पिकलेली फळं. केळी, आंबे, चिकू पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या झोप आल्यासारख्या आत मिटतात. एकदा मिटल्या की पुन्हा उघडत नाहीत. ऑर्किडलाही तो सोसत नाही. डायनिंग टेबलावर फळांची परडी आणि शेजारी फुलदाणी ही आपली नेहमीची मांडणी फुलांच्या जिवावर उठते. धुरातही हा वायू असतो, म्हणून देव्हाऱ्यातल्या उदबत्तीपासूनही ती चार हात लांब असू द्या.

दांडीची शेवंतीही दोन आठवडे राहते, स्वस्त असते आणि फेब्रुवारीत चांगली मिळते. अडचण एवढीच, की शेवंती म्हटलं की अनेकांना हार आणि पूजाच आठवतात. तुमच्या पत्नींना चालत असेल तर पांढरी शेवंती आणि लाल अँथुरियम ही जोडी दोन हजारांच्या निम्म्यात होईल.

आता उमलत जाणारी. लिलियम, म्हणजे मोठ्या फुलांची लिली घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. एका दांडीला तीन-चार कळ्या असतात. सगळ्यात खालच्या कळीवर रंग चढलाय आणि बाकीच्या अजून हिरवट आहेत, अशी दांडी निवडा. १५ ला पहिलं फूल उघडेल, मग दोनेक दिवसांच्या अंतराने पुढची. मुलगी येईल तेव्हा शेवटच्या कळ्या उमललेल्या असतील. ओरिएंटल लिलियमचा वास मात्र जबरदस्त असतो. लहान घरात कोणाचं डोकं उठत असेल तर बिनवासाचं एशियाटिक मागा. घरात मांजर असेल तर लिलियम अजिबात नको. त्याची पानं, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतं.

निशिगंधही असाच खालून वर उमलतो. दुहेरी फुलांच्या काड्या घ्या, खालची दोन-तीन फुलं उघडलेली, बाकी कळ्या. खालचं फूल पिवळं पडलं की चिमटीने काढून टाकायचं, म्हणजे वरच्या कळ्यांना जोर येतो. आठवडा जातो. संध्याकाळी दार उघडल्यावर तो वास येणं ही शाळेतून दमून आलेल्या माणसासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते त्यांनाच विचारा. लग्नाच्या हारातही तोच आणि अंत्ययात्रेलाही तोच, म्हणून काहींना तो घरात नको असतो, हेही खरं.

गुलाब वर्ज्य करायची गरज नाही. पण त्याच्याकडून पाच-सहा दिवसांपलीकडे अपेक्षा ठेवू नका, आणि ३० नकोत. पाच किंवा सात घ्या, मधोमध ठेवा, सुकले की काढून घ्या. बाकीची फुलदाणी तशीच भरलेली राहते. निवडताना पाकळ्या जिथे देठाला मिळतात तिथे दोन बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागला तर ताजा, पिचपिचीत लागला तर जुना. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, डागाळलेल्या असतील तर त्या वाईट नव्हेत. त्या कळीचं रक्षण करणाऱ्या पाकळ्या असतात. उलट अगदी तुळतुळीत गुलाब दिसला तर विक्रेत्याने बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या सोलून काढल्या नाहीत ना, ते बघा.

काचेच्या घुमटातल्या गुलाबाबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. खऱ्या गुलाबातला रस काढून त्याजागी ग्लिसरीन आणि रंग भरतात, म्हणून तो मऊ राहतो आणि वर्ष-दोन वर्षं तसाच दिसतो. पण त्याला दमट हवा सोसत नाही. डोंबिवलीच्या पावसाळ्यात पाकळ्यांतून ग्लिसरीन पाझरायला लागतं, त्या चिकट, अर्धपारदर्शक होतात. उन्हात रंग उडतो. वास नाहीच. ती एक शोभेची वस्तू आहे. शोकेसमध्ये जागा असेल आणि पत्नींना अशा वस्तू आवडत असतील तर खुशाल घ्या, पण फुलांच्या ऐवजी म्हणून नको. कापडी फुलांचं तर मला समजतच नाही. हुबेहूब आहेत हेच ज्यांचं कौतुक, ती लग्नाच्या वाढदिवसाला कशाला? धूळ पुसायचं काम वर्षभराचं, आणि ते कोण करणार हे आपण वर बोललोच आहोत. फूल उत्पादकांचंही म्हणणं आहे, की या नकली फुलांनी शेवंती आणि जरबेऱ्याचे भाव पाडलेत.

आठवण म्हणून काही जपायचंच असेल तर जिप्सो आणि स्टॅटिस या बारीक, भरीच्या फुलांच्या दोन-चार काड्या गुच्छात घाला. त्या पाणी संपल्यावर आपोआप वाळतात आणि वाळूनही बऱ्या दिसतात.

खरेदी कशी करायची, यावर फार वेळ घालवत नाही. नाक्यावरच्या फूलवाल्याला आठवडाभर आधी गाठा आणि स्पष्ट सांगा: बुके नको, गड्डी हवी. दांड्या पूर्ण लांबीच्या, ओअ‍ॅसिस नको, जाळी नको, चमकी तर मुळीच नको. डच गुलाबांची गड्डी २० ची येते. एवढे नको असतील तर तो फोडून देईल. दादर स्टेशनबाहेरच्या फूल बाजारात हाच माल स्वस्त पडतो, पण तिथली खरी वेळ पहाटेची आहे. फुलं घेऊन साडेआठच्या गर्दीत लोकलमध्ये चढण्याचा विचार मनातही आणू नका. १४ ला जाऊ नका, त्या दिवशी भाव चढलेले असतात. अँथुरियम, ऑर्किड, लिलियम १३ ला आणले तरी काही बिघडत नाही. गुलाब तेवढे १५ ला सकाळी, पारखून. चांगले मिळाले नाहीत तर सोडून द्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणा आणि रिक्षात मांडीवर आडवे धरा.

घरी आल्यावर पहिले दोन तास महत्त्वाचे. दांडीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरपं कापा, धारदार सुरीने, आणि शक्यतो दांडी पाण्यात बुडवून, म्हणजे हवा शिरत नाही. बोथट कात्री नळ्या चेपते. पाण्याखाली येतील तेवढी सगळी पानं काढा, कारण तीच आधी कुजतात. मग फुलं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून बादलीभर कोमट पाण्यात, अंधाऱ्या जागी उभी करा. माना टाकलेले गुलाबही या उपायाने पुष्कळदा ताठ होतात. गेल्या वर्षीचे काही वाचले असते. बाथरूममध्ये गुलाबांची बादली दिसल्यावर घरात काही लपून राहणार नाही, पण सरप्राइझ तर आपण आधीच सोडलंय.

फुलदाणी भांड्यांच्या साबणाने घासून घ्या, आतला बुळबुळीत थर पूर्ण गेला पाहिजे. फूलवाल्याकडे फुलांच्या खाद्याची पुडी असेल तर मागून घ्या. नसेल तर लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि अर्धा चमचा कपड्यांचं ब्लीच. साखर हे अन्न, लिंबाच्या आंबटपणाने पाणी दांडीत सहज चढतं, ब्लीच जिवाणूंना आवरतं. नुसती साखर घातलीत तर जिवाणूंचीच मेजवानी. लिंबू आधी पाण्यात मिसळा आणि मग ब्लीच. दोन्ही थेट एकत्र केले तर विषारी वायू निघतो. संडास साफ करायचं लिक्विड हे ब्लीच नव्हे, त्याला हातही लावू नका. तांब्याचं नाणं, अ‍ॅस्पिरिनची गोळी हे उपाय लोक हौसेने करतात, त्यांच्यावर विसंबू नका.

एक दिवसाआड पाणी बदलायचं आणि प्रत्येक वेळी दांडी बोटाच्या पेराएवढी पुन्हा कापायची. गुच्छात जरबेरा असेल तर त्याची फुलदाणी वेगळी करा, तीन-चार बोटं पाणी पुरे. त्याची लवदार दांडी खोल पाण्यात कुजते. फुलदाणी टीव्हीजवळ, पंख्याच्या झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीत नको. उष्णतेने फुलाचं आयुष्य भराभर सरतं. रात्री घरातली सगळ्यात थंड खोली द्या. हे सगळं तुम्ही करायचं आहे. त्या शाळेतून यायच्या आधी जमत नसेल तर सकाळी दाढी करताना करा. आणि १५ ला फुलं देतानाच सांगून टाका, की या वेळी पाण्याचं खातं माझ्याकडे. सुकलेलं फूल काढून टाकायचं कामही माझं.

याच सुमाराला पत्र लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. कॉलेजातल्या मुलामुलींनी १४ ला चढ्या भावाचा एकच गुलाब घेण्याऐवजी लिलियमची एक दांडी किंवा दोन कार्नेशन न्यावी. समोरच्याला हॉस्टेलवर पाण्याच्या बाटलीत ठेवता येतील. दुसऱ्या गावी असलेल्या जोडीदाराला पाठवताना मोठ्या ऑनलाइन साइटपेक्षा त्याच गावातल्या फूलवाल्याला फोन करून "गड्डी, बुके नको" हे सांगणं जास्त उपयोगी. आणि जिला फुलं फुलदाणीपेक्षा केसांत आवडतात, तिच्यासाठी मोगऱ्याचा हट्ट सोडून अबोली बघा. वास नाही, पण वजनाला हलकी आणि दुसऱ्या दिवशीही माळता येते. तळकोकणात किंवा गोव्यात कोणी ओळखीचं असेल तर फेब्रुवारीपासून सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळू लागतात. ते सुकले तरी कपाटात वास देत राहतात.

तुमच्या कार्यक्रमापुरतं एक शेवटचं. लिलियमचं फूल उघडलं की आतल्या तपकिरी परागकोशांची टोकं लगेच, ओली-कोवळी असतानाच, टिश्यू पेपरने खुडून घ्या. फूलही थोडं जास्त राहतं. २२ ला फोटो काढताना कोणीतरी फुलदाणीला टेकणारच, आणि पत्नींच्या ठेवणीतल्या पैठणीवर ती पूड पडली तर पाणी लावू नका, हातानेही झटकू नका. डाग पक्का बसतो. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला, आणि राहिलंच काही तर साडी थोडा वेळ उन्हात धरा.